पाचव्या रांगेतली ठमी

माझ्या मेहुण्याइतका प्रतवारीचा नाद असलेला माणूस रावेरपासून धुळ्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. रावेरला केळीच्या पॅकिंगवर फण्या निवडण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे समोर काहीही आलं की त्याची रांग ठरलीच. रांगा पाच. शिंदखेड्याला लग्नाच्या बोलणीला गेला, तर व्याह्यांच्या तोंडावर "चहा तिसरी, फरसाण पाचवी" सांगून मोकळा. मला त्यानं चौथीत टाकलेलं. "दाजी, तुम्ही मनाचे चांगले, पण तोंड फटकळ. चौथीच्या वर मले घेता येत नाही." माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, तेवढी पहिलीत.

ह्या पाच रांगा त्यानं मोबाइलच्या खेळातून उचलल्या. त्यात चित्रविचित्र प्राणी पाळायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. ज्याला लोक जास्त वेळा लढाईत उतरवतील तो वरच्या रांगेत, ज्याला कोणी विचारत नाही तो पाचवीत. दर महिन्याला रांगा नव्यानं लागतात. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं तिलाही खेळ शिकवला. तिनं निवडलं एक गुबगुबीत, बेडकासारखं ध्यान आणि नाव ठेवलं ठमी. ठमी चिखलात बसते, मार खाते, अंगाला चिखल लावून पुन्हा बरी होते, पण कोणाला मारत म्हणून नाही.

"माझ्या ठमीले वर घे ना रे," ती म्हणायची.

"अक्का, डागी फणी मी चांगल्या पेटीत भरतो का?"

ती गेली. दहावं उरकलं आणि हा पेटला. ठमीला वर न्यायचीच, तीही रीतसर. पॅकिंगवरच्या झाडून सगळ्यांच्या मोबाइलात खेळ घातला आणि जेवणाच्या सुट्टीत ठमीच उतरवायची असं ठरवून टाकलं. पण लढले कोणाशी, तर आपसातच. इकडे ठमी, तिकडेही ठमी. दोघी चिखलात बसून. डाव संपेना, ट्रक भरेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. शेवटी शेठ बाहेर आले. "तुमची बेडकं आवरा, नाही तर माल इथंच पिकेल."

मग तो फैजपूरला माझ्याकडं आला. "दाजी, तुम्हाले काय काम हाये? परक्या लोकांशी लढा. हरले तरी चालते, ठमी उतरली पाहिजे."

मला मोबाइल धड धरता येत नव्हता. शिकलो. रोज सकाळी चहा घेऊन बायकोच्या खाटेवर बसतो आणि हरत राहतो. समोरचा कुठला कोण असतो, ठमीला बडवून निघून जातो. मी पुन्हा तिलाच उतरवतो.

परवा मेहुणा आला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. ठमी चौथीत.

"तुमच्या शेजारी आली, दाजी," तो म्हणाला. "आता तिसरीत नेऊ. सोडायचं नाही."

"नेऊ," मी म्हटलं. "पण एवढी घाई करू नको. थोडे दिवस बसू दे इथंच."