अस्वल येऊन राहिलं

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांइतका विक्षिप्त माणूस अमरावतीपासून अकोल्यापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो सरांचा भाऊ निघेल. मेळघाटातल्या अभ्यास-मोहिमेवर आम्ही विद्यार्थी दुर्बिणी न्यायचो, सर ठेच्याची बरणी न्यायचे. ती नमुन्यांच्या बाटल्यांत ठेवल्यामुळे एकानं तिच्यावर ‘अज्ञात बुरशी’ अशी चिठ्ठी डकवली. सरांनी ती काढली तर नाहीच, उलट रोज भाकरीबरोबर ‘अज्ञात बुरशी’ मागायला लागले. वाटेत माकड दिसलं की ‘काहून बे, सकाळपासून इथंच?’ असं विचारून उत्तराची वाट पाहायचे. आणि कुणाची विष्ठा दिसली, की सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे तासभर निरखत बसायचे.

मी दर्यापूरची, बोलणं पक्कं वऱ्हाडी. मी पहिल्यांदा मोहिमेवर गेले त्या वर्षी निम्मी मुलं पुण्याची होती. पहिल्याच दिवशी मी ‘मले दुर्बीण दे’ म्हणाले आणि सगळे हसले. मग मी तोंडच उघडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून सरांना म्हणाले, “मी घरी चालली.”

“जाय ना. पण यष्टी उद्या हाय. आज चालून तं घे.”

मोहाच्या झाडांखालून आम्ही निघालो. पुण्याचा एक मुलगा वही घेऊन पुढे होता. झुडपातून काळं धूड त्याच्याकडे सरकताना मला दिसलं आणि सगळी लाज विसरून मी ओरडले, “अस्वल येऊन राहिलं!” त्यानं शांतपणे वहीत लिहिलं, ‘अस्वल येथे येऊन राहिले आहे,’ आणि मला विचारलं, “कधीपासून?” सरांनी कॉलर धरून त्याला मागे ओढलं, तेव्हा अस्वल दहा पावलांवर होतं. नशीब, त्याला आमच्यापेक्षा मोहाची फुलं आवडली.

संध्याकाळी सरांनी ‘येऊन राहिलं’ म्हणजे ‘येतंय’ असं समजावलं आणि सगळ्यांकडून ‘येऊन राहिलं, जाऊन राहिलं, पाहून राहिलं’ असं पाढ्यासारखं म्हणून घेतलं. “जंगलात शुद्ध बोलणारा नाई, वेळेवर बोलणारा कामी येते,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू जाऊन राहिली, का राहून राहिली?”

मी राहिले. आज त्याच जंगलात संशोधन करते, भरल्या सभेत न अडखळता बोलते. हे सारं त्यांचं देणं, पण तसं मी त्यांना कधी धड सांगितलं नाही.

सर आता अकोल्याला लेकीकडे असतात. गुडघे गेले, कानही गेल्यातच जमा. मेळघाटातून उतरले की मी आधी त्यांच्याकडे जाते. “काय काय पाहून आली?” ते विचारतात. मी सांगत जाते, ते मान डोलावतात, आणि मध्येच कळतं की त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही. ज्यांनी माझा आवाज सोडवला त्यांच्यापर्यंतच तो पोचत नाही, याचं फार वाईट वाटतं. मग मी खुर्ची त्यांच्या कानाशी ओढते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.