सिस्टर आत्याची मुरड

देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पहिली करंजी स्वतः खाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती माझी आत्या. आई कळवळून म्हणायची, "वन्सं, निदान देवासमोरून फिरवून तरी आणा." आत्या गरम घास या गालातून त्या गालात फिरवत म्हणायची, "तेल खराब निघालं तर आधी देवाला जुलाब होऊ देऊ? घरात नर्स असताना?" मग चांगल्या फुगलेल्या दोन करंज्या वाटीत घालून ती देवघराकडे सरकवायची. "घे रे बाबा. तपासून दिल्यात."

सुरतजवळ इच्छापोरला एका कारखान्याच्या दवाखान्यात ती निवृत्त होईपर्यंत नर्स होती. कामगार तिला सिस्टर म्हणायचे, आम्ही आत्या. अडाजणमधल्या आमच्या सोसायटीनं दोन्ही जोडून सिस्टर आत्या करून टाकलं. लग्न तिनं केलं नव्हतं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळं कारण सांगायची. वॉचमनला सांगितलेलं मला आठवतं. "घोरणारा मला चालत नाही आणि न घोरणारा अजून जन्मायचाय." माझे वडील बँकेत मॅनेजर होते, केबिनमध्ये लोक त्यांच्यासमोर उभे राहायचे. घरात आत्यासाठी ते बाळ्या होते. "बाळ्या, शेंगा सोल. मॅनेजर असशील बँकेत."

शेंगा म्हणजे तुरीच्या. थंडी पडून सुरतच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागले, की आत्याच्या अंगात यायचं. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून सगळ्यांनी सोलायला बसायचं, अभ्यास वगैरे सबबी चालायच्या नाहीत. कोवळे दाणे ती भरड वाटायची, आलं, मिरची, पातीचा लसूण आणि तिळावर परतायची, वर लिंबू पिळून मूठभर कोथिंबीर. सारण गार झालं की पाय पसरून जमिनीवर बसायची आणि मुरड घालायला घ्यायची. अंगठा आणि बोट कडेवरून सरसर फिरत जायचं, प्रत्येक दुमड आधीच्या दुमडीवर बरोबर अर्धी चढलेली. कारखान्यात कापलेल्या किती हातांना याच बोटांनी टाके घातले असतील कोण जाणे. "जखम आणि करंजी अर्धवट शिवायची नाही," ती म्हणायची. "जखमेत पू होतो, करंजीत तेल शिरतं." हे ती ऐन खाताना सांगायची. कुणाचा घास अडकला तर तिला फार आनंद व्हायचा.

मी बारा वर्षांची असताना घातलेली पहिली मुरड तिनं दिव्याखाली धरून तपासली. "हे टाके बघून पेशंट भूल दिलेली असताना उठेल आणि पोलिसात जाईल," ती म्हणाली. करंजी तळली मात्र, आणि खाल्लीही तिनंच.

पुढे मी चिरागशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. चिरागचं घर कामरेजचं, शेती आणि एक छोटा कारखाना. माणसं चांगली होती. वडिलांचं म्हणणं एवढंच, की आपल्यातला मुलगा का नको? आत्यानं त्यांना दोन वाक्यांत गप्प केलं. "बाळ्या, मुलगा दारू पीत नाही, पोरीवर ओरडत नाही. गुजराती बोलतो, पण तो काही आजार नाही."

बघायचा कार्यक्रम आमच्याकडे ठरला. चिरागच्या घरचे आठजण आले आणि मधोमध त्याची आजी. तिला सगळे बा म्हणायचे. पांढरी साडी, हातात काठी, ऐंशी वर्षांचं वय आणि नजर शिंप्याची. आईनं करंज्यांचं ताट पुढे केलं. बांनी एक उचलून कौतुकानं म्हटलं, "अरे वाह, घूघरा!"

"करंजी," आत्या म्हणाली.

"अमारे त्यां आने घूघरा कहेवाय."

"तुमच्याकडे म्हणत असतील. या घरात करंजी म्हणतात."

बांनी घास घेतला. सावकाश चावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोण ओछुं छे. ने खांड तो नाखी ज नथी." मोहन कमी पडलंय, आणि साखर तर घातलेलीच नाही.

वडिलांनी डोळे मिटून घेतले. चिराग फरशीकडे बघत होता. मी मनातल्या मनात लग्न मोडून टाकलं आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेही. तेवढ्यात आत्या पदर खोचत उठली. "चला आत. किती मोहन ते दाखवा मला."

बांनी काठी चिरागच्या हातात दिली आणि खरंच आत गेल्या.

तासभर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून परात आपटल्याचे आवाज, दोन भाषांतली भांडणं, मध्येच कुणीतरी मोठ्यानं हसलेलं. बाहेर वडिलांनी घाबरून सगळ्यांना तिसऱ्यांदा चहा पाजला. दोघी बाहेर आल्या तेव्हा बांच्या नाकाला मैदा लागला होता आणि आत्याच्या हातात नवं ताट होतं. "मोहनाचं त्यांचं बरोबर आहे," तिनं जाहीर केलं. "साखरेचं चूक." बा खुर्चीत टेकल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "छोकरी तो गमी गई. फोईनेय साथे मोकलजो." मुलगी पसंत आहे, आत्यालाही बरोबर पाठवा. आई तिथेच रडायला लागली. आत्या तिला म्हणाली, "आता नको रडूस, नाकातलं ताटात पडेल."

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी निदान सांगायच्या आधी तिनंच त्यांना सांगितलं, वर बजावलं, "मला गोड बोलून समजावू नका, मी ते काम तीस वर्षं केलंय." त्या थंडीत तिनं नेहमीसारखी करंजी घेतली. बोट सरकेना, दुमड बसेना. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून पाहिलं. ती करंजी तेलात फुटली, सारण पसरून जळलं आणि घरभर धूर झाला. आम्ही सगळे उगाच दुसरीकडे बघत राहिलो.

"तिकडे काय बघताय? ड्यूटी संपली माझी," ती मला म्हणाली. "बस इथे."

मी बसले. ती शेजारी खुर्चीत बसून मला नावं ठेवत राहिली. तुझी मुरड म्हणजे उसवलेली उशी. तुझं सारण म्हणजे आजाऱ्याची खिचडी. त्या दिवशी मी चाळीस करंज्या केल्या आणि एकीबद्दलही ती बरं बोलली नाही. मला इतकं सुरक्षित पुन्हा कधी वाटलं नाही.

यंदा जानेवारीत ती अंथरुणावरच होती. मी एका दुपारी माहेरी जाऊन करंज्या केल्या आणि पहिली, फुंकून गार केलेली, तिला भरवली. ती बराच वेळ चावत होती. मी वाट बघत उभी होते.

"छान झालीय गं," ती म्हणाली.

तिच्या तोंडून हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. मी घाबरले. म्हटलं, "आत्या, नीट सांग. मुरड बघ ना, किती वाकडी आलीय." तिनं माझ्या हातावर तिचा थरथरता हात ठेवला आणि म्हणाली, "नाही गं. छानच आहे."

आठ दिवसांनी ती गेली. पण मला विचाराल तर ती त्याच दुपारी गेली. मी तिच्याजवळून उठून स्वयंपाकघरात आले. कढईतलं तेल तापलेलं होतं, म्हणून उरलेल्या करंज्या तळून काढल्या.