गेरूची फुली

चारुशीलाबाईंना स्वतःला दातातलं फारसं कळत नव्हतं, पण मुंबईत दातांचे डॉक्टर त्यांच्यापुढं खाली मान घालून बसत. पदव्युत्तर वर्गाला त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. "समोर येईल त्याचं तोंड तपासाल, तर गावाचे दात कळणार नाहीत," असं बजावायच्या.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर तीन-चार वर्षांनी त्यांनी मुलांच्या दातांच्या पाहणीसाठी अणदूर निवडलं. तुळजापूरचं माहेर जवळ. लेकीला आजीकडं ठेवता आलं. तिला नुसती शिंक आली तरी बाईंचा जीव खालीवर होई.

विद्यार्थ्यांनी दर चौथ्या घराच्या चौकटीवर गेरूची फुली काढली. तपासायची ती फुलीच्याच घरची मुलं. दुसऱ्या दिवशी एक फुली जास्तीची निघाली, हरणाबाई धनगरणीच्या दारावर.

"ही कुणी काढली?"

"म्याच, बाई. भिंतीचा गेरू व्हता घरात. फुली नसली तर डाक्टर येत न्हाय म्हनं. आमच्या अयोध्येची दाढ लई ठणकती."

वीरभद्र लातूरकडचा, विद्यार्थ्यांत हुशार. तो म्हणाला, "बाई, बघून घेऊ का? पोरगी कळवळतीय."

"ज्यांचं दुखतंय त्यांचीच घरं घेतली, तर सगळं गाव किडकं निघेल. पुसून टाका ती."

हरणाबाईनं पदरानं फुली पुसली. आतून कण्हणं ऐकू येत होतं. बाई पुढच्या घराकडं वळल्या.

सकाळी हरणाबाई पोरीला खांद्यावर टाकून, पाहणीवाल्यांचा मुक्काम होता त्या शाळेत आली. गाल टम्म सुजून डोळा झाकला होता, अंग तापानं फणफणत होतं. वीरभद्रनं पू काढला. लागणारी सगळी हत्यारं त्याच्या पेटीत होती. कालही होती. पोरीनं बाईंचा अंगठा घट्ट आवळून धरला होता.

"फुली साफ पुसली बगा," हरणाबाई अजिजीनं म्हणाली. "राग धरू नगा, बाई."

बाईंना मान वर करवेना. बघणं आणि मोजणं, ही दोन वेगळी कामं होती. पोरीला काल बघून घेतलं असतं आणि आकड्यांत धरलं नसतं, तर पाहणीचं काय बिघडणार होतं?

त्या दिवशी शाळेपुढं येईल त्या मुलाला त्यांनी तपासायला लावलं. आकड्यांत धरली ती मात्र फुलीचीच घरं.

पुढं दरवर्षी नव्या वर्गाला त्या पहिल्याच तासाला सांगत, "मोजायचं नियमानं. बघायचं मात्र सगळ्यांना."

"हे कुठल्या पुस्तकात आहे, बाई?" एखादा हसून विचारी.

बाई फळ्याकडं वळत आणि कोराच फळा पुसत राहत.