तेलातलं पाणी

मी बावीस वर्षं गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. रोज सकाळ-संध्याकाळ लोकांच्या किटलीत लॅक्टोमीटर बुडवायचा आणि समोरचा माणूस कितपत खरा आहे ते बघायचं, हा माझा धंदा. एवढी वर्षं हे केल्यावर माणूस लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेलासुद्धा आधी उजेडाकडं धरतो. मी धरायचो. बायको म्हणायची, तुम्हाला देव भेटला तरी आधी रेशनकार्ड मागाल.

असल्या माणसानं जुनी गाडी घेऊ नये. त्यातून ती गाडी.

ती सूतगिरणीच्या चेअरमनची होती. काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. गिरणी चालू होती तेव्हा ही गाडी चकलांब्याच्या रस्त्यानं गेली की माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. मीही उभा राहिलेलो आहे. मग गिरणीचा भोंगा बंद झाला, लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, चेअरमन मुलाकडं पुण्याला गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. असला हत्ती दुष्काळात पोसणार कोण? दोन मोटारसायकलींच्या भावात मिळाली. स्वस्त होती म्हणून घेतली असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे जिच्यासाठी उभा राहायचो तिच्यात एकदा बसायचं होतं.

घेताना मी विश्वासावर काहीच घेतलं नाही. मीटरवर दोन लाख चाळीस हजार किलोमीटर होते. मी ब्रेकच्या पायडलचं रबर बघितलं, तर गुळगुळीत. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं भेगाळलेलं, मागची डावी सीट चेअरमनच्या वजनानं बसलेली. आकडा मागं फिरवलाय, गाडी तीन लाखांच्या खाली नाही, असं मी मनाशी पक्कं केलं आणि तरीही घेतली. गेवराईच्या पुढं हायवेला लागल्यावर एकदा पाय दाबला. गाडीनं मला पाठीमागं सीटमध्ये दाबून धरलं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, एकटाच मोठ्यानं हसलो.

गावात मात्र कोणी हसलं नाही. सेक्रेटरीकडं चेअरमनची गाडी आली, मग डेअरीचं दूध कुठं मुरतंय ते कळलं, असं पारावर बोललं गेलं. मला राग आला. लोकांवर संशय घ्यायचा हक्क इतकी वर्षं एकट्या माझा होता.

गाडीला मिस्त्री गावातच मिळाला. पुण्यात मोठ्या गाड्यांच्या गॅरेजात दहा-बारा वर्षं काढलेला माणूस. वडील वारल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आला होता आणि लिंबाखाली ट्रॅक्टर दुरुस्त करत बसायचा. माझी गाडी बघून त्याचे डोळे चमकले. बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"इंजन लई चांगलं हाय, भाऊ," तो म्हणाला. "फक्त पान्याची काळजी घ्या. बोअरचं पानी रेडिएटरला घालू नका. हिरवं कुलंट घाला. म्या गेवराईहून आणून देतो."

मी आणून देतो म्हणाला तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकानदाराकडं ह्याचं कमिशन असणार. आमच्या बोअरचं पाणी खारं होतं हे खरं, घागरीला महिनाभरात पांढरा थर बसायचा. पण तेच पाणी माणसं पीत होती. माणसांना चालतं ते गाडीला चालत नाही? मी हो म्हणालो आणि बोअरचंच पाणी घालत राहिलो.

उन्हाळा चढला. टँकर तिसऱ्या दिवशी यायला लागला. संस्थेचे दहा कॅन भरायचे तिथं तीन भरायला लागले, आणि वरून आमचं दूध जायचं त्या शीतकेंद्रानं कळवलं की तुमच्या दुधात पाणी येतंय. झालं. माझ्या अंगात आलं. मी प्रत्येक किटली दोनदा तपासायला लागलो.

त्यात मिस्त्रीची आई डेअरीला घालायची त्या दुधाला डिग्री लागेना. गाईच्या दुधात लॅक्टोमीटर अठ्ठावीसच्या आसपास थांबायला हवा, तो चोवीसलाच थांबला, म्हणजे दुधात पाणी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी भरल्या रांगेत तिची किटली परत केली.

"पानी कुठून आणू घालायला?" ती म्हणाली. "प्यायला न्हाई."

"मावशी, लॅक्टोमीटर खोटं बोलत नाही."

"मग हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या गोठ्यावर या. तुमच्यासमोर पिळते, तिथंच बुडवा."

तशी पद्धतच होती. कोणाची तक्रार असली तर सचिवानं गोठ्यावर जायचं, समोर धार काढून घ्यायची आणि तिथंच तपासायचं. मी येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी गाडीचे वायपर आणायला गेवराईला गेलो. तिचं दूध बंदच राहिलं. घरात तेवढी एक गाय. दूध बंद म्हणजे चार दिवसांत गाय बाजारात, हे मला ठाऊक होतं. तरी मी वायपर आणायला गेलो. पाऊस नव्हता आणि मी वायपर आणायला गेलो.

परत येताना गाडीचा गरमीचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी काचेवर टिचकी मारली. जुन्या गाडीचा काटा, खोटंच दाखवणार, असं म्हणून तसाच गावापर्यंत आलो. घरी आल्यावर बॉनेटमधून वाफ निघत होती. पाणी घातलं आणि विसरून गेलो.

त्यानंतर रोज सकाळी पाणी कमी व्हायला लागलं. गाडीखाली ओल नाही, थेंब नाही, आणि पाणी गायब. दुष्काळात टाकीला कुलूप लावायचे दिवस. माझ्या रेडिएटरमधलं पाणी कोणीतरी काढतंय, दुसरं काय? मी बॉनेटला आरपार काळा दोरा बांधला. सकाळी दोरा जागच्या जागी, पाणी गेलेलं. मग मला वाटलं, चोरानं दोरा सोडून परत बांधला. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा ते अगदी सरळ वाटलं होतं.

पाचव्या दिवशी तेल बघावं म्हणून इंजिनवरचं झाकण काढलं. झाकणाच्या आतून घट्ट, पिवळट, सायीसारखं काहीतरी लडबडलेलं होतं. तेल मोजायची पट्टी बुडवली, तर काळ्या तेलाच्या जागी दुधाचा चहा.

दुसऱ्या कोणालाही कळलं नसतं, पण मला एका नजरेत कळलं. ह्यात पाणी आहे. आणि पाणी आहे म्हणजे कोणीतरी घातलंय. ते झाकण शेवटचं कोणी उघडलं? मिस्त्रीनं. पंधरा दिवसांपूर्वी तेल त्यानंच बदललं; तेव्हा त्याच्या आईचं दूध चालू होतं, पण तारखा मी मोजल्या नाहीत. आणि त्याच्या आईचं दूध कोणी बंद केलं? मी.

मी ते तेल काचेच्या बाटलीत घेतलं, त्याला बोलावणं धाडलं आणि संध्याकाळी संस्थेच्या पायरीवर, सगळी रांग असताना, बाटली वर धरली.

"पाणी ओळखायचा धंदा आहे माझा," मी म्हणालो. "आई दुधात घालते, लेक तेलात."

रांगेतले दोघं-तिघं हसले. तो हसणाऱ्यांकडं बघत नव्हता, बाटलीकडं बघत होता.

"तेलात पानी हाय, बरोबर हाय," तो म्हणाला. "पर म्या घातलं न्हाई. उद्या गाडी ढकलत आणा, चालू करू नका. तुमच्यासमोर खोलतो."

तसं तर तसं. सकाळी चौघांनी गाडी लिंबाखाली ढकलत नेली. मी खुर्ची टाकून बसलो, त्यानं एखादा बोल्ट लपवू नये म्हणून. दुपारपर्यंत तो खोलत होता. एकेक बोल्ट काढून कापडावर ओळीनं ठेवत गेला. शेवटी इंजिनचं डोकं उचललं आणि मधली पातळ पट्टी माझ्या हातात दिली.

"ही गॅस्केट. हिच्या एका भोकातून पानी जातं, दुसऱ्यातून तेल. दोघांच्या मधली ही जागा बघा."

जागा जळून गेली होती. मग त्यानं पाण्याच्या वाटेत पेचकस घातला आणि खरवडला. आमच्या घागरीला बसतो तसलाच पांढरा थर सोलून निघाला.

"कुलंट घातलं व्हतं का?"

मी त्या थरावर नख फिरवलं.

"वाट बुजली, इंजन तापलं, तुमी तसंच चालवलं. पानी आतल्या आत मिसळलं. कुनी यावं लागत न्हाई त्याला."

तो एवढंच म्हणाला आणि हात पुसायला लागला. आईचं नाव त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडलो असतो, माझा स्वभाव तसा आहे. काढलं नाही म्हणून मला तिथं बसवेना. मी उठलो, घरी जाऊन लॅक्टोमीटर घेतला आणि धारेच्या वेळी तिच्या गोठ्यावर गेलो.

गाय उभी होती, बरगड्या मोजाव्यात अशी. पुढ्यात चारा छावणीवरून आणलेलं उसाचं वाळकं वाढं. मावशीनं मला बघितलं. खुंटीवरचं भांडं काढून माझ्या हातात दिलं. आणि मी, एवढं होऊनही, भांड्याच्या तळाशी बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं. तिनं ते बघितलं.

तिनं माझ्यासमोर धार काढली. मी फेस बसू दिला, लॅक्टोमीटर सोडला. चोवीस. परत सोडला. चोवीस.

"हिच्या पोटात काय न्हाई," ती म्हणाली. "मग दुधात कुठून यायचं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दूध पातळ म्हणजे पाणी, एवढंच मला येत होतं. उद्यापासून दूध घेऊन या, मी म्हणालो. गाय आहे ना अजून, असंही काहीतरी बोललो. ती म्हणाली, "सोमवारी बाजार हाय. तवर हाय."

दुसऱ्या संध्याकाळी ती रांगेत आली. मागं मिस्त्रीही उभा होता, हात तेलानं काळे. तिची पाळी आल्यावर मी न तपासताच किटली घ्यायला हात पुढं केला. मला वाटलं, मी मोठेपणा करतोय. तिनं किटली मागं ओढली.

"बुडवा," ती म्हणाली. "समद्यांसमोर परत केलं व्हतं."

मी बुडवला. रांग पुढं सरकून बघायला लागली. चोवीस.

"चोवीस आहे," मी म्हणालो. "आणि दूध चोख आहे. मी गोठ्यावर जाऊन बघितलं. गाईला खायला नाही म्हणून पातळ आहे. चूक माझी होती."

आता ती किटली देईल असं मला वाटलं. तिनं दिली नाही.

"आन लेकाचं?"

मी लॅक्टोमीटर पुसायला घेतला. पण ती तशीच उभी होती, आणि तिच्यामागं सगळं गाव.

"तेलातलं पाणी त्यानं घातलं नव्हतं," मी म्हणालो. "ते मी घातलं."

मग तिनं किटली पुढं केली.