बटईची गुड्डी

सुंदरबाई रोज सकाळी चहा दोन ठिकाणी ओतायच्या. एक कपात, एक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत. वाटीतला आधी फुंकून निववायच्या, अंगणात ठेवायच्या, आणि मगच स्वतःच्या कपाला तोंड लावायच्या. वाटीतला चहा गुड्डीचा. गुड्डी म्हणजे त्यांची बकरी. रंगानं तांबूस, कान लांब, आणि नजर सदा दुसऱ्याच्या ताटावर.

आसगावात आमचं घर त्यांच्या घराला लागून. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "पे वो पे. कालपासून तोंड फुगवून राहिली. कायचा राग आला तुले?" नव्या पाहुण्याला वाटायचं, घरात सून आहे.

सून होती, पण नागपुरात. मुलगा भुपेंद्र तिथं एका कारखान्यात, सून उर्वशी दवाखान्यात नोकरीला, घर तिसऱ्या माळ्यावर. सुंदरबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. धानाची जमीन त्यांनी दिराकडे सोपवली होती. तलावाच्या बांधावरून त्या घसरल्या आणि मनगट मोडलं, तेव्हापासून भुपेंद्र दर रविवारी येऊन एकच वाक्य म्हणायचा.

"आई, चाल ना आमच्यासंग."

"अन् तिथं काय करू? खिडकीतून लोकायचे वाळत घातलेले कपडे पाहू? तुमी दोघं जासान कामावर. मी अन् फ्रिज."

जागा त्यांनी स्वतःच शोधली. एका लग्नाला साकोलीला जाताना बसच्या खिडकीतून त्यांना हायवेलगतचं ज्येष्ठांचं निवासस्थान दिसलं. कडुनिंबाखाली सात-आठ बाया उन्हात बसून शेंगा सोलत होत्या आणि एकीच्या बोलण्यावर बाकीच्या मागे रेलून हसत होत्या. लग्नात सुंदरबाईंचं लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी भुपेंद्रला फोन केला, "मले त्या हसणाऱ्या बायांत नेऊन सोड."

भुपेंद्र ओशाळला. "लोक काय म्हणतीन, आई?"

"म्हणतीन, बुडी हुशार निघाली."

पुढच्या महिन्यात मालवाहू ऑटोत त्यांची पेटी, गादी, पंखा आणि गुड्डी चढली. गुड्डीबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. सामान काय आणणार, एवढंच तिथल्यांनी विचारलं होतं. बकरी म्हणजे काही सामान नव्हे, हा त्यांचा हिशेब.

फाटकावर व्यवस्थापक निर्मलाबाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, चष्मा दोरीला अडकवलेला.

"आजी, हे काय?"

"हे गुड्डी. चावत नाही."

"निवासींना जनावर ठेवता येत नाही इथं. नियम आहे."

"मंग मले ठेवा, अन् तिले माह्यासंग राहू द्या."

निर्मलाबाईंना हसू आलं, पण नियम हलला नाही. भुपेंद्रनं हात जोडले तेव्हा त्या म्हणाल्या, पुढच्या आठवडी बाजारापर्यंत बकरी राहील, तेवढ्यात सोय लावा. बाजाराचं नाव निघाल्यावर सोय म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. विकायची.

त्या आठवड्यात सुंदरबाई दोन्हीकडून अडकल्या. गुड्डी गेली तर आपणही परत जायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. आणि दुसऱ्याच दिवशी जागा आवडायला लागली. खोलीत करडी गावच्या रुखमिणीबाई होत्या. जिभेला धार, पण वाढताना स्वतःच्या ताटातली भजी दुसरीच्या ताटात सरकवणाऱ्या. जेवताना कुणीतरी समोर असतं, हेच सुंदरबाई विसरून गेल्या होत्या. इथं तर समोर, बाजूला, मागं, सगळीकडे माणसं, आणि सगळ्यांना आपापल्या सुनांबद्दल काहीतरी सांगायचं होतं. आसगावच्या रिकाम्या घरात परत जायची कल्पना त्यांना आता कडू लागायची.

गुड्डीनं मात्र स्वतःची बाजू सांभाळली नाही. तिनं निर्मलाबाईंच्या कुंडीतला झेंडू खाल्ला, सूचनाफलकावरचा योगवर्गाचा कागद खाल्ला, आणि दोरीवरच्या रुखमिणीबाईंच्या लुगड्याचा पदर चघळला.

"थे बकरी आहे का म्युनिसिपालटी? सारंच उचलून नेते!" रुखमिणीबाई ओरडल्या.

"नवीन लुगडं घेऊन देते वो बाई."

"नवीन कायले? याच्याच भोकातून मी तुले पाहीन."

बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा सुंदरबाई फाटकाजवळच्या ओट्यावर गुड्डीला टेकून बसल्या होत्या. समोरून एक कोंबडी रुबाबात गेली. मागून तिची पिल्लं.

"हे कोणाची वो?"

"माही," चौकीदार ईश्वरची बायको वच्छला म्हणाली. फाटकाला लागून त्यांची दोन खोल्यांची झोपडी होती, मागे थोडी पडीक जागा. निवासींना जनावर ठेवता येत नव्हतं. चौकीदार निवासी नव्हता.

सुंदरबाईंनी कोंबडीकडे पाहिलं, वच्छलाकडे पाहिलं आणि पदर खोचला. "वच्छला, बकरी बटईनं घेतं का?"

आमच्याकडे हे जुनंच आहे. ज्याला चारणं होत नाही तो बकरी दुसऱ्याला चारायला देतो. बकरी मालकाची, मेहनत चारणाऱ्याची, दूध त्याचं, आणि पिल्लं दोघांत निम्मी. वच्छला लगेच हो म्हणाली. रुखमिणीबाईंना साक्षीला बोलावलं, सुपारी फोडली, गुळाचा खडा तिघींनी खाल्ला. गुड्डीनंही खाल्ला.

निर्मलाबाई चष्मा चढवत आल्या. "बकरी आता कोणाकडे?"

"वच्छलाकडे."

"आणि मालकीण?"

"मी. पण मी कुठं ठेवून राहिली? ठेवते तर थे."

निर्मलाबाई लाखांदूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी क्षणभर कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीला बाहेर काढल्याशिवाय बकरीला काढता येणार नव्हतं. मग म्हणाल्या, "बरं. पण बटई म्हणजे बटई. दिलेल्या बकरीच्या खुंट्याशी मालकिणीनं रोज जायचं नसतं. चारणाऱ्याला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही. ही रीत तुम्हाला मी सांगायला नको."

सुंदरबाईंचा चेहरा उतरला. रीत खरी होती. गावात कुणी असं दररोज डोकावलं असतं, तर त्यांनीच नावं ठेवली असती.

"नाही जात," त्या म्हणाल्या. बाजाराच्या दिवशी त्यांची पेटी खोलीतच राहिली.

पहिले काही दिवस त्या कडुनिंबाखाली फाटकाकडे पाठ करून बसत. हातात शेंगा, कान मागे. गुड्डी ओरडली की शेंग सोलणं थांबायचं. मग एका दुपारी गुड्डीनंच दावं तोडलं आणि येऊन त्यांच्या मांडीवरच्या शेंगांत तोंड घातलं.

"मी गेली नाही हो," सुंदरबाई दोन्ही हात वर करून ओरडल्या, "थेच आली! रुखमिणी, तू साक्षीदार आहेस!"

"माह्या पदराच्या बाबतीत बी साक्षीदारच होती मी. काय फायदा झाला?"

त्यानंतर वच्छला रोज दुपारी दावं जरा सैलच बांधू लागली. निर्मलाबाई त्या वेळी कचेरीत बसत.

गुड्डीला दोन पिल्लं झाली. वाटणीची वेळ आली तेव्हा सुंदरबाईंनी वच्छलाला आधी निवडायला लावलं. तिनं काळं घेतलं. सुंदरबाईंनी आपल्या वाट्याचं भुरं पिल्लूही तिलाच चारायला दिलं, पुन्हा बटईनं, पुन्हा सुपारी फोडून. भुपेंद्र आणि उर्वशी आले की आधी फाटकाशी जाऊन पिल्लं पाहायचे. त्यांना रीत लागू नव्हती. भुपेंद्र परत येऊन तपशीलवार सांगायचा, सुंदरबाई "असं का" म्हणून दुसरीकडे बघायच्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायच्या.

दोन हिवाळे त्यांनी तिथं काढले. तिसऱ्या हिवाळ्यात, माघात, एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. आदल्या संध्याकाळी चांगल्या बसल्या होत्या, वांग्याच्या भाजीत तिखट कमी म्हणून कुरकुरत जेवल्या होत्या. रुखमिणीबाईंनी ते मला नंतर सांगितलं, सुंदरबाईंच्याच पलंगावर बसून. अंथरूण घालता घालता सुंदरबाई दारापर्यंत गेल्या, फाटकाकडे पाहिलं आणि परत आल्या.

"रुखमिणी, तू जाय ना जरा," त्या म्हणाल्या, "गुड्डीनं पाणी पेलं का पाहून ये. मी गेली तं वच्छलाले वाटंन, बुडी पाहारा देऊन राहिली."