साठ शब्दांचा दुभाषी

मी बोलायला बसलो की आमच्या धारवाडच्या गल्लीत दूध उतू जायचं, कारण चुलीपाशी कोणी उरायचंच नाही. एकदा तर सलग सात घरांचं गेलं. घरचे लोक दोनच घरांचं गेलं म्हणतात, पण घरच्यांना मोजता येत नाही. मी शाळेत संस्कृत शिकवायचो आणि माझी एक कायमची पैज असायची: जगाच्या पाठीवरचा कुठलाही शब्द आणा, तीन पावलांत संस्कृतापर्यंत चालवत नेतो. ही पैज मी कधी हरलो नाही. पंच मीच असायचो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या वर्षी धोतरजोडी घ्यायला हुबळीला दाजीबानपेठेत गेलो होतो. दुकानात एक गोरा माणूस बसला होता, इतका उंच की बसूनही माझ्याएवढा. मिशनच्या विणकामशाळेत तो मागावरचं काम शिकवायचा. दुकानदाराशी कानडीत बोलत होता, आणि बरं बोलत होता. मग त्यानं डोळ्याला भिंग लावलं, कापड ताणलं आणि इंचातले धागे मोजायला लागला. माणूस बोलताना चार भाषा बोलो, मोजतो मात्र आईच्या भाषेत. मी कान दिला.

"येदिन, द्वाय, त्सी, श्तिरी, प्येच..."

जर्मन आकडे मला माहीत होते, आमच्या हेडमास्तरांना त्यांचा नाद होता. हे ते नव्हते. द्वाय म्हणजे द्वौ, त्सी म्हणजे त्रि, श्तिरी म्हणजे चत्वारि. प्येचला तर संस्कृतचीही गरज नाही, आपला पाच सरळ समोर उभा. माझ्या हातातली धोतरजोडी खाली पडली.

"साहेब, ही कुठली भाषा?"

"नम्म मनी भाषा," तो म्हणाला. आमच्या घरची.

"म्हणजे जर्मन?"

"जर्मनीतली आहे, पण जर्मन नाही. चहूकडे जर्मन, मध्ये आम्ही. जोंधळ्याच्या पोत्यात मूठभर मूग असावेत तसे."

त्याच्या लोकांना सोर्ब म्हणतात. रशियन, पोलिश, झेक या स्लाव भाषांचं घर मोठं, त्यातलं हे शेंडेफळ. आणि जर्मनांना सोर्ब लोक म्हणतात न्येम्त्स, म्हणजे मुके. "आमची भाषा बोलत नाहीत, म्हणजे मुकेच की," असं त्याचं म्हणणं.

मी दर रविवारी हुबळीची गाडी धरायला लागलो. मागाशेजारी एका बाकावर आम्ही बसायचो, तो शब्द सांगायचा आणि मी वहीत टिपायचो. आईला माच, भावाला ब्रात, अग्नीला वोहेन, नव्याला नोवी. तिसऱ्या रविवारी कळलं की त्यांच्या भाषेत द्विवचन आहे. जे पाठ करताना माझे विद्यार्थी तोंड वाकडं करायचे, ते तिकडं शेतावरच्या बाया भांडताना वापरत होत्या. ही बातमी मी धारवाडात आणली तेव्हा वाटेत जरा फुगली. तिकडचे गुराखी वेद म्हणतात, असं मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात गुरंही म्हणायला लागली.

"अहो," बायको म्हणाली, "नाकाला नोस म्हणतात, हे ऐकायला आगगाडीचं तिकीट कशाला? नाक इथंही आहे."

एका रविवारी तो म्हणाला, भाकरीला आम्ही ख्ल्येब म्हणतो. मी लगेच तीन पावलं टाकली: क्लेद म्हणजे ओलावा, पीठ ओलं केल्याशिवाय भाकर होत नाही, म्हणून ख्ल्येब. त्यानं माग थांबवला आणि पोट धरून हसला.

"मास्तर, तो शब्द जर्मनांच्या पूर्वजांकडून आलाय, फार जुन्या काळी. शब्द घरचा की पाहुणा ते आधी बघावं. तुम्ही दारात येईल त्याला आपलं गोत्र चिकटवता."

"आणि कळलं नाही तर?"

"तर माहीत नाही म्हणावं."

हे वाक्य मला कानडी, मराठी, इंग्रजी आणि संस्कृत अशा चार भाषांत येत होतं. बोलायची सवय एकाही भाषेत नव्हती.

मग लढाई जाहीर झाली. जर्मनीचे कागद असलेल्या सगळ्यांना छावणीत हलवायचं ठरलं. फौजदारानं त्याची ट्रंक उघडली तर तळाशी बहिणीच्या पत्रांचा गठ्ठा. अक्षरं इंग्रजीसारखी, पण शब्द एकही ओळखीचा नाही. फौजदारानं ठरवलं, ही सांकेतिक लिपी. आणि ही भाषा जाणणारा पंचक्रोशीत कोण, असं विचारल्यावर गावानं एका तोंडानं माझं नाव सांगितलं.

चौकीच्या व्हरांड्यात तो भेटला. "छावणीचं मला काही नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "दोन वेळचं जेवण मिळेल. पण तिथं सगळे न्येम्त्स असणार. माझ्या भाषेचं माणूस नाही. तिकडं नव्या सरकारनं शाळेत, देवळात ती बोलायला बंदी केलीय, बहीण चोरून लिहिते. ही पत्रं गेली तर माझी भाषा मला भेटणार कुठं?"

फौजदार मोठा व्यवस्थित माणूस होता. "तुम्हाला या भाषेत स्वप्नं पडतात म्हणे," तो म्हणाला.

हे मीच गावभर सांगितलं होतं.

"एक पत्र तुम्ही इथं वाचा. त्याच पत्राची दुसरी नक्कल तिकडच्या खोलीत तो इंग्रजीत उतरवतोय. दोन्ही जुळली तर गठ्ठा त्याला परत. नाही जुळली तर मुंबईला. मुंबईला गेलेलं काय परत येतं ते तुम्ही जाणताच."

समोर फौजदार, कारकून आणि दोन शिपाई. श्रोते असताना मी आयुष्यात कधी गप्प बसलेलो नव्हतो. पत्राच्या दहा ओळींवर नजर टाकली आणि अख्खं महाकाव्य जिभेवर येऊन उभं राहिलं: नदीला पूर आलाय, बैल वाहून गेला, बहिणीनं शेपूट धरलंय. एक शब्द जरी तोंडातून सोडला असता तरी पुढचे हजार आपोआप आले असते. आणि गठ्ठा मुंबईला गेला असता.

"साहेब, मला ही भाषा येत नाही," मी म्हणालो. "साठ शब्द येतात."

"गावात तर तुम्ही..."

"गावात मी पुष्कळ सांगतो."

कारकून टाकामागं हसला. फौजदार हसला नाही. "मग साठांत बसतं तेवढं सांगा."

मी एका ओळीवर बोट ठेवलं. "व्येचोर म्हणजे संध्याकाळ. दुर्ये म्हणजे दार. लेझी म्हणजे पडून आहे. आणि कोण पडून आहे, तर मेद्वेज. हा शब्द मला शिकवलेला नाही. यात म्येद दिसतं, म्हणजे मध. पुढचा तुकडा खाण्याचा असावा, आपल्या अद् धातूसारखा. मध खाणारा कोणीतरी. कोण ते माहीत नाही."

"मध खाणारा संध्याकाळी दारात पडून असतो." फौजदारानं कारकुनाला लिहायची खूण केली. "हे कोणाचं टोपणनाव?"

तेवढ्यात दारातला शिपाई खाकरला. तो अळणावरच्या रानाकडचा.

"सायेब, अस्वल की ते."

"तुला रे काय ठाऊक?"

"आमच्या रानात त्येचं नाव घेत न्हाईत. घेतलं की येतंय. आमची अव्वा पोळं काढाया जाताना म्हणती, मधवाला हाय काय बघा."

मी त्या शिपायाकडं बघतच राहिलो. म्हणजे तिकडच्या थंड रानातही लोक याच भीतीनं कुजबुजत असणार. आपल्याकडं अस्वलाचं जुनं नाव उरलं, ऋक्ष. त्यांनी इतक्या पिढ्या ते तोंडानं घेतलं नाही की मूळ नाव मेलंच, आणि टोपणनाव गादीवर बसलं. माझ्या बायकोनं लग्नापासून माझं नाव घेतलेलं नाही. मला जरा काळजी वाटली.

"अस्वल तर अस्वल," फौजदार म्हणाला, "पण माणसाच्या दारात ते रोज काय करतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. पलीकडच्या खोलीतून कागद आला. फौजदारानं तो मोठ्यानं वाचला: "अस्वल रोज संध्याकाळी दारापुढं पडून तुझी वाट बघतं. अस्वल हे आमच्या कुत्र्याचं नाव, केस फार म्हणून."

त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहिला. "मास्तर, तुम्ही सांगितलं ते सगळं यात आहे. न सांगितलेलं फार आहे."

"साठांत एवढंच मावतं, साहेब."

त्यानं गठ्ठ्याची सुतळी स्वतः बांधली आणि पुढं सरकवला.

छावणीला जाताना हुबळीच्या स्टेशनावर माझ्या मित्रानं तो गठ्ठा कोटाच्या आत ठेवला होता. "लिहा मला," तो म्हणाला.

"साठच शब्द येतात हो."

"साठांत लिहा."

ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. एरवी तीन दिवसांत मी उंदराचा हत्ती करून दाखवला असता. घर आहे. वारा आहे. नवं काही नाही. आम्ही दोघं जिवंत आहोत. खाली इंग्रजीत अर्थ, म्हणजे तपासणाऱ्याची झोप उडू नये.

चार महिन्यांनी माझंच पत्र परत आलं. वर तपासणीचा शिक्का, आत पेन्सिलीनं दुरुस्त केलेल्या बावीस चुका. गावात मी पाच सांगितल्या. तळाशी एक नवा शब्द होता, वुत्रोबा, आणि पुढं अर्थ: काळीज.

आठ दिवस मी तो शब्द घेऊन फिरलो, कोणाला काही बोललो नाही. गल्लीला वाटलं मला ताप आलाय. वुत्रो म्हटलं की मला आन्त्र ऐकू यायचं: आत या अर्थाचं अन्तर्, त्यावरून पोटातलं आन्त्र, त्यावरून आपलं आतडं. पण आतडं कुठं आणि काळीज कुठं. शेवटी बायकोला विचारलं.

"यात अडलंय काय?" ती भाजी निवडत म्हणाली. "लेक सासरी निघाली की आतडं तुटतं म्हणतो आपण. ते काय पोटदुखीला म्हणतो?"

मी वही काढली आणि एकसष्टावा शब्द लिहिला. समोर लिहिलं, आतडं. त्याच्यापुढं, बऱ्याच वेळानं, लिहिलं: बहुधा घरचा. खात्री नाही, विचारायचं.