हिरव्या खडूची चौकट

बालवर्गाच्या बाईंना सगळे पाठीमागे मोजणीबाई म्हणत. एकवीस वर्षं त्या पोरांची डोकी मोजत आल्या होत्या. आल्या आल्या, खाऊच्या आधी, खाऊनंतर, आणि फाटकात एकेकाला घरच्यांच्या हाती देताना. घरी जेवायला बसल्यावरही त्यांचं बोट आपोआप फिरायचं, आणि सून म्हणायची, "आई, आपण चौघंच आहोत, जातोय कुठे?" बाई जात्याच भित्र्या. पण पोरांच्या बाबतीत ती भीती कामाची होती, म्हणून तिला कोणी नावं ठेवली नाहीत.

मग वर्गात कॉम्प्युटर आला. पोरं अठरा, यंत्र एक, आणि माउस हातात धरला की बाईंना घाम फुटायचा. सुनेने घरी धडे दिले, पण बाईंना खरा धीर आला तो खडूमुळे. त्यांनी फरशीवर कीबोर्डसारख्या मोठाल्या चौकटी आखल्या आणि पोरांना अक्षरांवर उड्या मारायला लावलं. लाल चौकटीवर उभं राहून कोणाकडे बोट दाखवलं, की तो पुसला गेला. त्याने दडून बसायचं, हूं की चूं करायचं नाही. हिरव्या चौकटीवर दोन्ही पायांनी उडी मारून कोणी "परत!" ओरडलं, की तो बाहेर. डिलीट आणि अनडू चार वर्षांची पोरं आठवड्यात शिकली.

त्या दिवशी खेळ ऐन रंगात असताना कॉम्प्युटरचा पडदा निळा पडला आणि हलेना. बाईंना वाटलं, आपणच काहीतरी मोडलं, आता मुख्याध्यापिकांना काय तोंड दाखवायचं? त्या वायरी चाचपत राहिल्या, सुटीची घंटा झाली, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मदतनीस मावशींना सांगितलं, "आज फाटकावर तुम्हीच बघा."

पोरं गेली. मावशींनी फरशी पुसून घेतली. पडदा आपला आपण चालू झाला, बाईंनी हुश्श केलं, तेवढ्यात दारात भिंगरीची आई येऊन उभी राहिली.

"उशीर झाला हो बाई. कुठंय आमची भिंगरी?"

अर्धं मिनिट एका जागी न टिकणारी पोर, म्हणून भिंगरी. मावशींना वाटलं होतं, ती शेजारच्यांबरोबर गेली. शेजारच्यांना फोन केला, तर ती तिथे नव्हती. मग संडास पाहिले, घसरगुंडीमागे पाहिलं. बाईंनी पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी दिसत होतं, तरी त्यांनी काठी घालून पाहिली. मावशी रस्त्यावर धावल्या. आईच्या हाका एकदम थांबल्या, आणि ते जास्त भयंकर होतं.

"तुम्ही तर मोजता ना, बाई?" ती हळूच म्हणाली.

 काही न सुचून बाई पुन्हा वर्गात शिरल्या. ओल्या फरशीवर कोपऱ्यात हिरव्या खडूचा फराटा राहिला होता. आणि त्यांना आठवलं. शेवटचं बोट भिंगरीकडे गेलं होतं, आणि त्यानंतर हिरव्यावर कोणाचीच उडी पडली नव्हती.

त्यांनी खडू शोधला. ओल्या फरशीवर तो उमटेना, रंग ओघळू लागला, तरी त्यांनी वेडीवाकडी चौकट आखली. दुखऱ्या गुडघ्यांना विचारत न बसता त्यांनी दोन्ही पायांनी उडी मारली.

"परत!"

चटयांमागे, कॉम्प्युटर ज्यातून आला होता त्या पुठ्ठ्याच्या खोक्याची झाकणं उघडली. घामाघूम भिंगरी बाहेर आली, फुरंगटलेली.

"बाई, किती वेळ लावलात. हाका ऐकू येत होत्या, पण हिरव्यावर कुणी उडीच मारेना."

आईने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.  बाई ओल्या फरशीवरच बसल्या, बोट भिंगरीकडे करून "अठरा" म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.